मिसकॅरेजनंतर पुन्हा चान्स घेताना ते पंधरा दिवस कसे काढलेत?

सुरंगी | ९ सप्टेंबर, रात्री १२.२०

रात्री लिहितेय, कारण दिवसा भरल्या घरात रडता येत नाही.

मी गुहागर तालुक्यातली. वय ३१, पतसंस्थेत नोकरी. मे महिन्यात नववा आठवडा चालू असताना चिपळूणला सोनोग्राफीला गेलो, आणि डॉक्टर स्क्रीनकडे बघता बघता गप्प झाल्या. ठोके नव्हते. वाढ सातव्या आठवड्यातच थांबली होती. गोळ्या दिल्या, पण पिशवी पूर्ण साफ झाली नाही म्हणून क्युरेटिंग करावं लागलं. चार दिवसांनी मी पडवीत बसून रातांबे फोडत होते. घरच्यांना वाटलं, झाली बरी.

ऑगस्टपासून परत चान्स घेतोय आणि पाळीच्या आधीचे पंधरा दिवस मी माणसात नसते. बाथरूमला गेले की आधी रंग बघते. गेल्या महिन्यात चार किट संपवली. गावातल्या मेडिकलमध्ये घेतली तर संध्याकाळपर्यंत वाडीत कळतं, म्हणून कामाचं निमित्त काढून चिपळूणहून आणते. दिवस राहणार नाहीत याची भीती आहेच, पण राहिले तर काय, याची त्याहून जास्त आहे. हे कुणाला सांगितलं तर म्हणतील, मग हवंय तरी कशाला.

आणखी एक मनातून जात नाही. सातव्या आठवड्यात मी नणंदेच्या साखरपुड्याला एसटीने मुंबईला गेले होते. आपल्या हायवेची अवस्था तुम्हाला माहीतच आहे. माणगावपर्यंतचा एकेक धक्का मला आठवतो. सासूबाई कधी काही बोलल्या नाहीत, पण चुलत सासूबाई म्हणाल्या, "प्रवास टाळला असतास तर..." आणि वाक्य अर्धंच सोडलं.

गणपतीत घर भरलेलं होतं. मुंबईच्या दोन काक्यांनी गोड बातमीचं विचारलं. जावेला पाचवा महिना आहे. गौरीला ओवशाची सुपं मांडली तेव्हा ती माझ्या शेजारी बसली होती, आणि मला तिच्याकडे बघवेना. ती खूप चांगली आहे हो.

ज्यांचं असं झालंय त्यांनी सांगा, दिवस कसे काढलेत? आणि ही एवढी काळजी करून मीच पुढचंही घालवतेय का?

देवगडकरीण | १० सप्टेंबर, सकाळी ७.०५

सुरंगी, भाकऱ्या थापताना तुझं वाचलं आणि तवा उतरवून बसले.

माझे दोन गेले, २०१७ आणि २०१८ साली. आता मुलगा पाच वर्षांचा आहे. मुलगा झाला म्हणून ते दोन विसरले असं मात्र झालेलं नाही.

किटचं सांगते, कारण त्यात मी पुरती अडकले होते. पहिलं गेल्यावर पाच आठवडे पाळी आली नाही, म्हणून टेस्ट केली तर पुसट दुसरी रेष. मी नवऱ्याला उठवलं, देवापुढे साखर ठेवली. रक्त तपासल्यावर कळलं की तो जुन्याच गरोदरपणाचा उरलेला हार्मोन होता. तो अंगातून जायला काही आठवडे लागतात, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. दुसऱ्यांदा गेल्यासारखंच वाटलं तेव्हा. त्यानंतर सगळी किटं नवऱ्याच्या ताब्यात दिली आणि त्याने ती स्कूटरच्या डिकीत ठेवली. पाळी दोन दिवस पुढे गेल्याशिवाय मागायची नाहीत असं ठरलं होतं. मी आधी मागितली. त्याने दिली नाहीत. दोन दिवस अबोला धरला त्याच्याशी, पण तो महिना त्याआधीच्या महिन्यांपेक्षा बरा गेला.

तिसऱ्या वेळी दिवस राहिले तेव्हा मला आनंद झालाच नाही. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे तुला तसं झालं तर तू घाबरणार नाहीस. नऊ महिने हा विचारच मी केला नाही. पुढची सोनोग्राफी कधी, तेवढंच बघायचे. ती झाली की त्यापुढची. ओटी भरतानाही मनात होतं, अजून काही खरं नाही.

प्रसन्न_मन | १० सप्टेंबर, सकाळी ११.३०

ताई, राग मानू नका, पण तुम्ही फार नकारात्मक विचार करताय. टेन्शनमुळेच गर्भ टिकत नाही. सकाळी उठून स्तोत्र म्हणा, चांगलं वाचा. पपई, अननस बंद. दुचाकी, जिने, वजन काही नको. पहिले तीन महिने पडून राहा. मन प्रसन्न ठेवलंत की सगळं नीट होईल.

साकव | १० सप्टेंबर, रात्री ९.४५

मी सिंधुदुर्गात एका ग्रामीण रुग्णालयात स्टाफ नर्स आहे, १८ वर्षं झाली. सुरंगी, तुमच्या डॉक्टरांची जागा मी घेत नाही, पण वरचं वाचून गप्प बसवत नाही.

आधी एसटीचं. पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भ जातात त्यांतले निम्मे तरी गुणसूत्रांमधल्या चुकीमुळे जातात. ही चूक बीजातच असते, नाहीतर गर्भ धरतानाच्या पहिल्या काही दिवसांत होते. रस्त्यावरच्या खड्ड्याने गुणसूत्रं बदलत नाहीत, सुरंगी. त्या आठवड्यांत पिशवी ओटीपोटाच्या हाडांच्या आड असते आणि गर्भ तिच्यात पाण्यात असतो. एखादी कळशी उचलल्याने, विळीवर नारळ खोवल्याने, पिकलेल्या पपईच्या फोडीने, जिना चढल्याने किंवा नवराबायकोच्या संबंधाने तो पडत नाही. आणि पडून राहिल्याने टिकतो असंही अभ्यासांत दिसलेलं नाही. आमच्याकडे मुली येतात त्या पोटदुखी सांगायच्या आधी "मी तेव्हा कपडे धुतले होते" हे सांगतात. इतक्या वर्षांत याची सवय मला झालेली नाही.

टेन्शनचंही तसंच. रोजच्या काळजीने किंवा रडण्याने गर्भ जातो असं नाही, ब्रिटनची आरोग्यसेवासुद्धा आपल्या माहितीत हे स्पष्ट सांगते. तेव्हा भीती वाटल्याची भीती, हे दुहेरी ओझं घेऊ नका. काळजीवर उपाय करायचा तो तुम्हाला झोप लागावी, जेवण जावं म्हणून.

दिवस राहिल्याचं कळलेल्या शंभर जणींत दहा ते वीस जणींचं असं जातं. 'लॅन्सेट'ने २०२१ मध्ये जगभराचा अंदाज दिला होता, वर्षाला सुमारे २ कोटी ३० लाख. एकदा गेलेल्या बहुतेकींचं पुढचं गरोदरपण नीट पार पडतं. पण नुसते आकडे ऐकून भीती जात नाही, हे मी रोज बघते. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या लोकांनी गर्भ गमावलेल्या सहाशेहून जास्त बायकांची पाहणी केली होती, २०२० मध्ये ती छापून आली. एका महिन्यानंतर २९ टक्के बायकांना आघातानंतरच्या ताणाची लक्षणं होती: तीच दृश्यं पुन्हा डोळ्यांपुढे येणं, स्वप्नं, दचकणं. नऊ महिन्यांनंतरही १८ टक्क्यांना होती. तुमचं गेलं त्याला चारच महिने झालेत. बाथरूममध्ये रंग बघणं हे त्यातलंच आहे. यात नकारात्मक स्वभावाचा काही संबंध नाही.

थोडं तपासण्यांचं. एकदाच गेलं असेल तर सहसा मोठ्या तपासण्या लागत नाहीत. हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईडचं टीएसएच झालेलं असावं. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिलं होतं का ते कागदांत बघा, ते ७२ तासांत द्यायचं असतं. दोन किंवा जास्त गेले तर रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीफॉस्फोलिपिड अँटिबॉडी वगैरे बघतात. फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, दिवस राहायच्या आधीपासून बाराव्या आठवड्यापर्यंत. किती थांबायचं यावर अजून गोंधळ आहे, कारण जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सहा महिने सांगितले होते. नंतरच्या अभ्यासांत त्याआधी दिवस राहिलेल्यांना जास्त धोका दिसला नाही, म्हणून आता बरेच डॉक्टर एक पाळी येऊ द्या म्हणतात. द्राक्षगर्भ (गर्भाऐवजी पिशवीत द्राक्षांसारखे फोड वाढतात तो) असेल किंवा नळीतल्या गर्भासाठी इंजेक्शन घेतलं असेल तर मात्र डॉक्टर सांगतील तितकं थांबायचंच.

दोन आठवडे सलग झोप नाही, जेवण जात नाही, कामावर जाववत नाही, जगावंसं वाटत नाही, यातलं काहीही असेल तर वाट बघू नका. टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, तिचा नंबर १४४१६. फुकट आहे, चोवीस तास आहे, मराठीत बोलतात. मनाच्या गोळ्या आधीपासून चालू असतील तर चान्स घेताना आपल्या मनाने बंद करू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

देवगडकरीण | १० सप्टेंबर, रात्री १०.१०

साकवताई, हे मला २०१७ मध्ये हवं होतं.

सुरंगी, तू चार दिवसांत कामाला लागलीस हे वाचून वाईट वाटलं. मातृत्व लाभाच्या कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, डॉक्टरांचं सर्टिफिकेट लागतं. लहान संस्थांना कायदा लागू आहे का ते विचारावं लागेल. मलाही दुसऱ्या वेळी कळलं होतं.

बागवाला | ११ सप्टेंबर, रात्री ८.३०

पुरुषाने लिहावं की नाही कळत नव्हतं. बायको हा धागा वाचते, तिला विचारून लिहितोय.

पावसजवळ आमची हापूसची बाग आहे. आमचं गेलं ते जानेवारीत, ऐन मोहोरात. दवाखान्यातून आलो आणि दुसऱ्या दिवशी मी फवारणीला गेलो, कारण थांबलं असतं तर वर्ष गेलं असतं. तिला वाटलं, याला काहीच नाही. मी बागेत पंपाच्या खोपटात बसून रडायचो, कारण घरी रडलो तर तिला कोण सांभाळणार असं वाटायचं. ती आत एकटी, मी बाहेर एकटा, असे तीन महिने काढले.

आमच्या काकांनी समजूत घातली, "मोहोर गळतोच, झाड शाबूत आहे ना?" चांगल्या मनाने म्हणाले. एका झाडाला हजारोंनी फुलं येतात आणि शेकड्याला एकही फळापर्यंत पोचत नाही, हे मला त्यांच्याइतकंच माहीत आहे. पण कुठल्या फुलासाठी मी रात्री उठून आठवडे मोजले नव्हते. तेव्हापासून कुणाचंही असं झालं तर ही तुलना मी करत नाही.

सुरंगी, तुमच्या मिस्टरांना किटांचं, एसटीचं सगळं माहीत आहे का? नसेल तर सांगा.

परत चान्स घ्यायला लागलो तेव्हा मोबाईलमधलं ॲप आमचा मालक झालं होतं. हिरवा दिवस आला की दोघांच्या तोंडचं पाणी पळायचं. डॉक्टर म्हणाल्या, महिन्यात पाच-सहा दिवस कामाचे असतात, त्या सुमारास एक दिवसाआड जवळ आलात तरी पुरे. ॲप काढून टाकलं. आणि बायकोने एक नियम केला. दिवेलागणीनंतर पंधरा मिनिटं अंगणात बसून फक्त याच विषयावर बोलायचं, भीती, हिशेब, राग, सगळं. दिवसा मनात आलं की म्हणायचं, "संध्याकाळी." सुरुवातीला तासभर लागायचा. आता कधी कधी पाच मिनिटांत संपतं आणि आम्ही नुसते बसून राहतो. अजून दिवस राहिलेले नाहीत.

माई_मालवण | १२ सप्टेंबर, दुपारी ४.००

वय ६८. नातीक सांगितलंय, ती टाईप करता.

माझे दोन गेले, ८१ साली आणि ८३ साली. तेव्हा सोनोग्राफी खंय होती? अंगावर जायला लागलं की कळायचं. तीन महिने होईपर्यंत कुणाला सांगायचं नाही, नजर लागते, अशी रीत. त्यामुळे गेलं तेव्हा मी कोणापुढे रडू? कोणाला माहीतच नव्हतं. घोवाक सुद्धा नीट सांगितलं नव्हतं. माझ्या सुनेला मी म्हटलं, पहिल्या दिवसापासून माका सांग, नजरेचा मी बघतंय.

देवळात कौल लावला होता, कौल उजवा दिला, मनाला आधार वाटला. बाय, देवाक गाऱ्हाणा घालूचा वाटला तर घाल. पण कोण म्हणालो की तुझा कायतरी चुकला म्हणान ह्या झाला, तर थयसून उठान ये.

प्रसन्न_मन | १२ सप्टेंबर, रात्री ११.१५

सुरंगीताई, मी लिहिलेलं परत वाचलं. तुम्हाला दोष द्यायचा नव्हता.

माझंही दोन वर्षांपूर्वी तिसऱ्या महिन्यात गेलंय. वर लिहिलं नाही, कारण कुठेच सांगितलेलं नाही. ती सगळी यादी मी स्वतः पाळते. पाळली की आपल्या हातात काहीतरी आहे असं वाटतं. साकवताई म्हणतात तसं असेल तर माझी काहीच चूक नव्हती, आणि पुढच्या वेळी माझ्या हातातही काही नाही. यातलं दुसरं मला पेलत नाही.

साकव | १३ सप्टेंबर, सकाळी ६.५०

प्रसन्न, रात्रपाळी संपवून वाचतेय. स्तोत्राने शांत वाटत असेल तर जरूर म्हणा. फक्त एखाद्या दिवशी चुकलं तर त्याचा हिशेब मांडू नका. आणि थोडं हातात आहे: फॉलिक ॲसिड, साखर आणि थायरॉईड ताब्यात ठेवणं, तंबाखू, मिश्री, दारूपासून लांब राहणं. त्यापलीकडचं आपल्याकडे नाही. ते मान्य करायला वेळ लागतो. इथे लिहीत राहा.

सुरंगी | १६ सप्टेंबर, रात्री ११.००

सगळ्यांची उत्तरं कितीदा वाचली ते सांगता येणार नाही.

बागवालादादा, नवऱ्याला सांगितलं. किटांचं माहीत नव्हतं त्याला. एसटीचं सांगितल्यावर तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "तिकिटं मी काढली होती." चार महिने तोही तेच धरून बसला होता. साकवताईंची पोस्ट मी त्याला वाचून दाखवली. खड्ड्याने गुणसूत्रं बदलत नाहीत, हे वाक्य दोनदा वाचायला लावलं त्याने.

सासूबाईंनाही विचारलं, तुम्हाला काय वाटतं? त्या म्हणाल्या, "अगो, ह्याच्या वेळी मी सातव्या महिन्यापर्यंत लावणीला उभी होते. प्रवासाने जाणारं असतं तर हा झाला असता का?" हे त्यांनी मे महिन्यातच सांगितलं असतं तर! पण मीही विचारलं नव्हतं.

जावेचं अजून जमत नाही. तिला तसं सांगून टाकलं. ती म्हणाली, तू डोहाळजेवणाला नाही आलीस तरी मला राग येणार नाही.

सुरंगी | १४ ऑक्टोबर, दुपारी १.३०

पाळी आली. या वेळी किट वापरलं नव्हतं. ऑफिसच्या बाथरूममध्ये दहा मिनिटं रडले आणि काउंटरवर जाऊन बसले.

रात्री खळ्यात जाऊन १४४१६ वर फोन केला, घरात रेंज नाही. बाई शांतपणे बोलल्या. त्यांनी विचारलं, छातीत धडधडतं तेव्हा नक्की काय दिसतं? मी म्हटलं, डॉक्टरांचा चेहरा, स्क्रीनकडे बघताना गप्प झालेला. हे आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यांनी सांगितलं, तो चेहरा आला की पाय जमिनीवर घट्ट टेकवायचे आणि आत्ता दिसणाऱ्या पाच वस्तू नावाने म्हणायच्या. काल रात्री म्हटल्या: पोफळ, कंदील, सूप, चप्पल, मांजर. धडधड थांबली नाही, पण चेहरा गेला. टीएसएच आणि साखर नॉर्मल आलीय.

सुरंगी | १५ नोव्हेंबर, सकाळी ६.१५

डिकीतलं किट काल नवऱ्याने स्वतः काढून दिलं. दोन रेषा.

हात थरथरतायत. डॉक्टर म्हणाल्या, सात आठवडे पूर्ण झाल्यावर या, २ डिसेंबरला. आज गेले तर गर्भाची पिशवीसुद्धा दिसेल की नाही सांगता येत नाही, आणि मग त्याचाच घोर लागेल. म्हणजे १७ दिवस. हे १७ दिवस कसे काढू?

साकव | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.००

डॉक्टरांचं बरोबर आहे. लवकर जाऊन ठोके दिसले नाहीत म्हणून हंबरडा फोडलेल्या आणि दहा दिवसांनी हसत आलेल्या मुली मी पाहिल्यात. पण एका बाजूला सतत जोरात दुखलं, खांदा दुखला, चक्कर आली किंवा रक्त जास्त जायला लागलं तर तारखेची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. गाडी नसेल तर १०८.

देवगडकरीण | १५ नोव्हेंबर, सकाळी ७.२०

रोज रात्री इथे एक ओळ लिही. काहीही. आम्ही हजर असल्याचं लिहू.

सुरंगी | १५ नोव्हेंबर, रात्री १०.००

पहिला दिवस गेला. सासूबाईंना सांगितलं. माई, तुमच्यामुळे.

माई_मालवण | १५ नोव्हेंबर, रात्री १०.३०

हजर.

सुरंगी | १८ नोव्हेंबर, रात्री १०.२०

सकाळी छाती दुखायची थांबली होती म्हणून दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता. संध्याकाळी परत दुखायला लागली.

साकव | १८ नोव्हेंबर, रात्री १०.४०

हजर. लक्षणं अशी कमीजास्त होतात, त्यावरून आत काय चाललंय ते कळत नाही.

सुरंगी | २१ नोव्हेंबर, दुपारी २.१०

तपकिरी डाग दिसला. डॉक्टरांना फोन केला, निघालोय चिपळूणला.

प्रसन्न_मन | २१ नोव्हेंबर, दुपारी २.१२

ताई, मी इथेच आहे.

सुरंगी | २१ नोव्हेंबर, रात्री ९.३०

घरी आलो. सोनोग्राफीत गर्भाची पिशवी जागेवर आहे, गर्भाशयाच्या आतच. ठोके दिसायला अजून लवकर आहे म्हणाल्या. आधी एक गेलंय आणि आता डाग आहे म्हणून प्रोजेस्टेरॉन, गर्भाला आधार देणारं हार्मोन, सुरू केलंय. स्क्रीनकडे बघताना त्या गप्प झाल्या तेव्हा मी पाच वस्तू म्हटल्या. मग त्याच म्हणाल्या, "मी मोजमाप घेतेय, म्हणून बोलत नाहीये." मेमध्ये त्यांना माझा चेहरा दिसला नव्हता बहुतेक. आज दिसला.

साकव | २१ नोव्हेंबर, रात्री ९.५०

ब्रिटनमध्ये चार हजारांहून जास्त बायकांवर चाचणी झाली होती, २०१९ मध्ये निकाल आला. आधी गेलेलं असेल आणि या वेळी रक्त दिसत असेल, तर याचा थोडा उपयोग होतो असं त्यात दिसलं. खात्री देता येत नाही. वेळेवर घ्या.

बागवाला | २१ नोव्हेंबर, रात्री १०.००

हजर. दोघंही.

सुरंगी | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०५

डाग कालपासून नाही. आठ दिवस राहिले. आज भाकऱ्या केल्या, ऑफिसला गेले, येताना बंदरावर थोडा वेळ थांबलो दोघं. बाथरूमला गेले तेव्हा रंग बघितलाच. जावेने खोबऱ्याच्या वड्या पाठवल्या होत्या, दोन खाल्ल्या.

देवगडकरीण | २४ नोव्हेंबर, रात्री १०.०७

हजर.